हाडं शिजवणारा माणूस

आमच्या मेसच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की अख्ख्या विंगला कळतं, आज परत वरणच! पण ज्याच्या डोक्यातून हा कुकर निघाला त्याचं नाव मला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं. ते नाव डेनिस पापिन. (मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

पापिन १६४७ साली फ्रान्समध्ये ब्लुआ गावाजवळ एका प्रोटेस्टंट घरात जन्मला. शिकला डॉक्टरी, पण मन रमलं यंत्रात. पॅरिसला तो हायगेन्सचा मदतनीस झाला आणि १६७५ मध्ये लंडनला रॉबर्ट बॉइलकडे हवेच्या पंपावर काम करू लागला.

१६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे आपला 'डायजेस्टर' मांडला. जाड धातूचं भांडं आणि स्क्रूने आवळलेलं झाकण. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. भांडं फुटू नये म्हणून त्याने तरफेला वजन टांगून सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. चांगला थर्मामीटर हाताशी नव्हता, तर झाकणावर पाण्याचा थेंब टाकून तो किती सेकंदांत उडतो हे पठ्ठ्या लंबकाने मोजायचा. थर्मामीटर बिघडला म्हणून प्रॅक्टिकल पुढे ढकलणाऱ्या आमच्या बॅचला हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

आणि तो शिजवायचा काय, तर हाडं! फेकून द्यायच्या हाडांतून गरिबांना स्वस्त अन्न मिळावं ही त्याची धडपड. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांना त्याने याच भांड्यातलं जेवण वाढलं. हाडं लोण्यासारखी मऊ आणि रसाची घट्ट जेली.

आत काय घडत होतं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. हाडातल्या कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. (ही तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रासच्या रामचंद्रन आणि कर्ता यांनी मांडली.) उष्णतेने हायड्रोजन बंध तुटतात, वेणी सुटते आणि मोकळ्या साखळ्या पाण्यात उतरतात. हेच जिलेटिन. गार झालं की साखळ्या इथे-तिथे पुन्हा गुंफतात, जाळं होतं आणि त्यात पाणी अडकतं.

खरी गंमत वाळवण्यात आहे. जेली गारच ठेवून वाळवली तर गुंफलेले भाग तसेच टिकतात. पण वितळलेलं जिलेटिन गरम ठेवून वाळवलं, तर गुंफायला वेळच मिळत नाही. साखळ्या विस्कटलेल्याच राहतात. पदार्थ तोच, पण एक्स-रे चित्र वेगळं. आणि कोरडं जिलेटिन १०० अंशांच्या वर बराच वेळ तापवलं तर साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, मग ते पाण्यात विरघळत नाही. म्हणजे एकच उष्णता आधी सोडवते आणि पाणी गेल्यावर बांधते!

पापिनचं स्वतःचं आयुष्य मात्र कुठेच बांधलं गेलं नाही. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले आणि मायदेशाचं दार बंद झालं. तो जर्मनीत मारबुर्गला गणिताचा प्राध्यापक झाला. डायजेस्टरमधल्या वाफेची ताकद डोक्यात होतीच. १६९० मध्ये त्याने लिहिलं, की सिलिंडरमधली वाफ गार केली तर पोकळी होते आणि हवेचा दाब पिस्टन खाली ढकलतो. माझ्या मते सेफ्टी व्हॉल्व्हपेक्षाही हे मोठं काम.

१७०७ मध्ये त्याने चाकाच्या वल्ह्यांची बोट फुल्डा नदीत सोडली. ती वाफेवर चालली असं बरेच जण सांगतात, पण चाकं माणसंच फिरवत होती. म्युंडेनच्या नावाड्यांना आपला धंदा जाईल असं वाटलं, त्यांनी बोट मोडून टाकली. साठीचा पापिन रिकाम्या हाताने लंडनला आला. बॉइल केव्हाच गेला होता. सोसायटीकडे त्याने पुन्हा पुन्हा पैसे मागितले, फारसं काही मिळालं नाही.

१७१२ नंतर त्याचं पत्र सापडत नाही. १७१३ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्याच्या दफनाची नोंद आहे. त्याच १७१२ साली इंग्लंडमध्ये डडलीजवळ एका कोळशाच्या खाणीतलं पाणी न्यूकमेनचं इंजिन उपसू लागलं होतं. सिलिंडरमध्ये वाफ, ती गार केली की पिस्टन खाली.