पंडिता रमाबाई आणि शास्त्राच्या मूळ भाषा

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देतांना एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो. पारावर बसलेला कोणी जाणता गृहस्थ उपदेशकास विचारतो कीं, हें तुमचें पुस्तक परदेशी लोकांचें. तें आम्हांस कशाला? उपदेशक बहुधा गप्प राहतो, किंवा घाईनें दुसऱ्या विषयाकडे वळतो. आमच्या मतें हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. आपलें शास्त्र कोठून आलें, कोणत्या भाषेंत लिहिलें गेलें, हें शोधूं पाहणें म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या बाईंनीं या शोधांत आपल्या आयुष्याचीं शेवटचीं पंधराहून अधिक वर्षें वेचिलीं, त्या पंडिता रमाबाईंचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये अशी त्या काळची रूढि होती. ती मोडून त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, व लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या आपल्या मुलीस दिली. हें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरत असे. पुढें दुष्काळ पडला, आणि आईबाप व थोरली बहीण अशीं तिघेंही निवर्तलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें पायीं देश तुडवीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची विद्या पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

याच कलकत्त्यांत एका ख्रिस्ती मेळाव्यांत त्यांच्या हातीं संस्कृत बायबल आलें. त्यांनीं तें उघडून पाहिलें. पण त्यांतील संस्कृत त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांहून इतकें निराळें होतें कीं, त्यांत वेळ घालविणें त्यांस व्यर्थ वाटलें. जी बाई संस्कृतांत सहज बोलत असे तिच्याही हृदयाशीं तें पुस्तक बोललें नाहीं! पुढें १८८० सालीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला, व त्या आसामांत सिलचर येथें राहूं लागल्या. तेथें घरच्या पुस्तकांत त्यांस एक लहानशी पुस्तिका सांपडली. तें लूककृत शुभवर्तमान होतें, आणि तें साध्या बंगालींत होतें. तें त्यांनीं मोठ्या आवडीनें वाचिलें.

वाचकहो, लूकाचें शुभवर्तमान आरंभीं काय सांगतें हें आठवा. आपल्यापूर्वीं पुष्कळांनीं हा वृत्तान्त लिहिला, प्रत्यक्ष पाहणारांनीं तो सांगितला, आणि आपणही मुळापासून सर्व गोष्टींचा शोध करून मगच लेखणी उचलली, असें तो शुभवर्तमानकार थियफिलास कळवितो. म्हणजे मुळाचा शोध करणें ही पाखंड्यांची रीत नसून खुद्द शुभवर्तमानकाराची रीत आहे. रमाबाईंच्या हातीं हेंच पुस्तक पडलें, यांत आम्हांस देवाचा हात दिसतो.

१८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें नेलें. तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि तेथेंच इंग्रजी व नवा करार यांचा अभ्यास आरंभिला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, व २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनीं प्रश्न विचारणें सोडिलें नाहीं. मंडळीच्या मतांगीकारांतील कांहीं गोष्टी शास्त्रांत कोठें आहेत, असें त्या आपल्या गुरुभगिनींस विचारीत. आणि शास्त्रांत जें दिसेल तेंच आपण मानूं, माणसाच्या अधिकारास्तव मानणार नाहीं, असें स्पष्ट कळवीत. हिंदी स्त्रियांनीं धारण करावयाच्या क्रूसावर लॅटिन शब्द कां असावे, संस्कृत कां नसावे, असाही त्यांचा आक्षेप होता. कित्येकांस यांत गर्व दिसला. आम्हांस त्यांत सत्याची तहान दिसते. तथापि केवळ शोधानें मनास शांति मिळत नाहीं, हेंही त्यांनीं अनुभविलें. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाहीं, असें त्यांस पुढें वाटूं लागलें. आणि १८९१ च्या सुमारास त्यांनीं आपणांस सर्वस्वीं त्याच्या हवालीं केलें.

१८८९ सालीं मुंबईंत उघडलेलें शारदासदन त्यांनीं १८९० सालीं पुण्यास आणिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगचा कहर होता, म्हणून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगांवीं त्यांची सोय केली. तेंच मुक्तिसदन होय.

नेमक्या याच हिवाळ्यांत मिसर देशांत ऑक्सिऱ्हिंकस या गांवच्या उकिरड्यांत विद्वान् लोक खणूं लागले होते. तेथें पपायरसाच्या हजारों चिटोऱ्या निघाल्या: हिशेब, पावत्या, मुलानें बापास लिहिलेलीं पत्रें. त्यांवरून दिसून आलें कीं, नव्या कराराची ग्रीक ही त्या काळीं हाटबाजारांत चालणारी, सामान्य माणसाची भाषा होती, राजदरबारची नव्हे. देवानें आपलें वचन मजुरास व कोळ्यास कळेल अशा बोलींत दिलें.

केडगांवच्या मुलींना तरी दुसरी कोणती भाषा कळणार होती? मराठी नवा करार १८११ सालींच श्रीरामपुरास छापला गेला होता, व पुढें अनेकांनीं परिश्रम करून संपूर्ण शास्त्र मराठींत आणिलें होतें. परंतु प्रचारांतील भाषांतरांत संस्कृत शब्दांचा भरणा फार आहे, आणि कांहीं शब्दांबरोबर पुराणांतील व वेदान्तांतील अर्थ ऐकणाराच्या मनांत शिरतात, असें रमाबाईंस वाटे. संस्कृतांत पंडिता ठरलेल्या बाईसच हें सर्वांत अधिक ठाऊक! म्हणून पन्नाशी जवळ आली असतां त्या इब्री व ग्रीक शिकल्या, मुलींसाठीं इब्रीचें व्याकरण मराठींत लिहिलें, आणि संपूर्ण शास्त्र मूळ भाषांतून साध्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. मुक्तिसदनांत छापखाना होता. खिळे जुळविणें, छापणें, बांधणें हीं कामें तेथील स्त्रियाच करीत. त्यांतल्या कित्येक कांहीं वर्षांपूर्वीं दुष्काळांत मरणाच्या दारीं होत्या.

शेवटीं बाईंस ऐकूं कमी येई. शरीर थकलें होतें. २४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक मनोरमाही गेली, जिच्या हातीं सर्व काम सोंपवावयाचें होतें. त्या आईनें तरीही मुद्रितें तपासणें सोडलें नाहीं. तें काम संपलें, आणि थोड्याच अवधींत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ सालीं केडगांवाहून प्रसिद्ध झालें. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

खरें सांगावयाचें तर हें भाषांतर मंडळ्यांत सर्वत्र रूढ झालें नाहीं. मुळाशीं घट्ट चिकटून राहिल्यानें कांहीं ठिकाणीं त्याची मराठी अवघड वाटते. परंतु एका स्त्रीनें एकटीनें मूळ भाषांतून संपूर्ण शास्त्र आपल्या भाषेंत आणावें, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांच्या मागेंही शोध थांबलेला नाहीं. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत इब्री गुंडाळ्या सांपडल्या. त्यांतील यशयाची गुंडाळी तोंवर ठाऊक असलेल्या संपूर्ण इब्री हस्तलिखितांहून सुमारें एक हजार वर्षांनीं जुनी आहे. कांहीं पाठभेद असले तरी ग्रंथ तोच आहे. सत्याला शोधाची भीति नसते.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, पारावरील गृहस्थास आतां उत्तर द्या. हें पुस्तक गोऱ्या लोकांच्या देशांत जन्मलें नाहीं. जुना करार आशिया खंडांतल्या लोकांनीं आपल्या इब्री भाषेंत, व थोडा भाग अरामी भाषेंत, लिहिला. नवा करार बाजारच्या ग्रीकेंत लिहिला गेला. आणि आपल्याच मुलुखांतील एका ब्राह्मण विधवेनें केडगांवीं बसून तो सारा ग्रंथ मुळांतून मराठींत आणिला. इतकें सांगण्यास पदवी लागत नाहीं. मात्र सांगण्यापूर्वीं आपण स्वतः लूकाच्या पहिल्या चार ओवी सावकाश वाचाव्या, आणि आपल्या मंडळींतील जी म्हातारी वाचूं शकत नाहीं तिला त्या तिच्या बोलींत समजावून द्याव्या. तिला कळलें म्हणजे रमाबाईंचें काम आपल्या गांवांत पुढें चाललें असें आम्ही समजूं.