माळव्यात आलेले वैयाकरण

धार-देवासच्या आपल्या जुन्या घरांतील मुले हिंदी शाळेत शिकतात आणि मराठी, शिकली तर, घरीच. माझ्याकडे पेटी शिकावयास येणाऱ्या एका मुलीने परवा वहीत पुस्तक हरवली असे लिहिले. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग तर तिथे नाहीच. मला हसू आले नाही. माझे वडील दरबारी गवयी. त्यांनी मला घरी स्वर शिकविले, व्याकरण राहूनच गेले. ते वारल्याचे पत्र मी काकांस लिहिले, ते त्यांनी तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठविले. ते मी अजून जपून ठेवले आहे.

अशा वेळी दादोबा पांडुरंग तर्खडकर आठवतात. ह्या थोर वैयाकरणाचा आपल्या माळव्याशी संबंध होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. 1814 मध्ये मुंबईस जन्मलेले दादोबा तरुणपणी जावऱ्याच्या अल्पवयीन नबाबाचे शिक्षक म्हणून इकडे आले. घरी एकट्या मुलास शिकविणे किती कठीण, हे मी अनुभवाने जाणतो. सोबती नसल्यामुळे प्रत्येक शंका गुरूवरच येते.

1836 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी 1805 मध्ये विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण निघाले होते. परंतु ते इंग्रजीत, परक्यांसाठी. दादोबांनी आपल्या मुलांस आपली भाषा आपल्याच भाषेत उलगडून दाखविली.

पुढे ते मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख झाले व शिक्षक घडवू लागले. सुरतेची मानवधर्मसभा आणि मुंबईची परमहंस सभा यांच्या स्थापनेत ते अग्रणी होते. नंतर डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. तरी व्याकरण सुटले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर सविस्तर टीका केली. दादोबाही आपला ग्रंथ आवृत्तीगणिक सुधारीत राहिले. लहान मुलांकरिता त्यांनी लघुव्याकरण निराळे लिहिले. मोरोपंतांच्या केकावलीवरील टीकेस त्यांनी आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदापांडुरंगी’ हे नाव दिले. 1882 मध्ये ते निवर्तले.

त्या मुलीकडून मी आता दर आठवड्यास आजीला एक पत्र लिहवून घेतो. चुकलेला स्वर जसा पुन्हा लावून घ्यावा, तसे चुकलेले वाक्य पुन्हा लिहून घेतो. नियम मागाहून सांगतो. तांबडी शाई मात्र वापरीत नाही.