पेट्रार्क आणि न वाचता आलेला होमर

कपाटात पुस्तक आहे पण वाचून होत नाही, हे तुमचं-आमचं नेहमीचंच. पण पुस्तक जिवापाड हवं होतं, ते मिळालंही, आणि उघडल्यावर त्यातलं अक्षर लागेना, याला काय म्हणायचं? चौदाव्या शतकातल्या इटलीचा सगळ्यात मोठा वाचक फ्रान्चेस्को पेट्रार्क. त्याच्याकडे होमरचं ‘इलियड’ मूळ ग्रीकमध्ये वीस वर्षं होतं. त्याला ते शेवटपर्यंत वाचता आलं नाही.

आपल्याला पेट्रार्क माहीत असतो तो लॉराचा कवी म्हणून. चौदा ओळींचं सॉनेट त्याने नावारूपाला आणलं, इंग्रजीच्या वाटेने ते आपल्याकडे आलं, केशवसुतांनी मराठीत लिहिलं आणि पुढे त्याला सुनीत म्हणू लागले. परीक्षेत एवढ्यावर भागतं. मला मात्र लॉरामागे झुरणाऱ्या पेट्रार्कपेक्षा पुस्तकांमागे झुरणारा पेट्रार्क जास्त खरा वाटतो.

त्याचा जन्म २० जुलै १३०४ चा, अरेझ्झो गावातला. वडील दस्तऐवज लिहिणारे, फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेले. तेव्हा पोप रोमऐवजी फ्रान्समधल्या आविन्योंला राहत होते, म्हणून पोटापाण्यासाठी हे कुटुंबही तिकडेच गेलं. पोराने वकील व्हावं ही वडिलांची इच्छा (बापांच्या इच्छा सातशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत). मुलगा कायद्याच्या नावाखाली जुने लॅटिन कवी वाचतो आहे हे कळल्यावर त्यांनी लपवलेली पुस्तकं शोधून काढली आणि चुलीत टाकली. पोराचा आकांत पाहून त्यांनाच कसंतरी झालं, आणि दोन पुस्तकं त्यांनी जळता जळता ओढून काढली: एक व्हर्जिलचं, एक सिसेरोचं. १३२६ मध्ये वडील गेले, आणि त्यांच्याबरोबर कायदाही सुटला.

पुढे चर्चमधली खालची दीक्षा घेऊन तो कार्डिनल कोलोन्ना यांच्या पदरी राहिला. पैशाची काळजी मिटली, प्रवास करायला मिळाला. कुठेही गेला की आधी मठातली जुनी हस्तलिखितं बघायची, ही त्याची सवय. १३३३ मध्ये लिएजला सिसेरोचं एक विसरलेलं भाषण सापडलं. नक्कल करायला बसला तर गावात धड शाई मिळेना. मिळाली ती केशरासारखी पिवळी. १३४१ मध्ये रोमला त्याला राजकवीचा मुकुट घातला गेला. १३४५ मध्ये व्हेरोनाला सिसेरोची खासगी पत्रं हाती लागली, आणि ती वाचून हा गृहस्थ जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच रागावून पत्र लिहायला बसला. पुस्तकातली माणसं त्याच्यासाठी मेलेली नव्हतीच.

पण लॅटिन जितकं वाचावं तितकं प्रत्येक पान ग्रीकांकडे बोट दाखवायचं. सिसेरो प्लेटोचं नाव घेतो, व्हर्जिल होमरच्या पावलावर पाऊल ठेवतो. पश्चिम युरोपात तेव्हा ग्रीक जाणणारा माणूस शोधूनही सापडत नसे. १३४२ मध्ये आविन्योंला बार्लाम नावाचा कालाब्रियाचा विद्वान साधू भेटला आणि पेट्रार्कने त्याच्याकडे ग्रीकची शिकवणी धरली. थोडी प्रगती होतेय तोवर बार्लामला बिशपपद मिळून तो निघून गेला. गंमत म्हणजे ते पद मिळावं म्हणून खटपट करणाऱ्यांत पेट्रार्क स्वतः होता. शिष्यानेच गुरूची बदली करून दिली! १३४८ च्या प्लेगच्या वर्षी लॉरा गेली, कार्डिनल कोलोन्ना गेले. बार्लामही त्याच वर्षी वारला.

आणि १३५४ च्या सुरुवातीला होमर घरी आला. बायझंटाइन सम्राटाचा वकील निकोलाओस सिगेरोस याने तो कॉन्स्टँटिनोपलहून भेट म्हणून पाठवला होता. पेट्रार्कने आभाराचं लांबलचक पत्र धाडलं. त्यात आनंद आहे, आणि वाचता येत नाही याची खंतही आहे. पुस्तक नुसतं पाहून, कवटाळून तो समाधान मानत होता. तरी त्याच पत्रात हेसिओड आणि युरिपिडीसही पाठवा अशी मागणी आहे. पहिलंच वाचता येत नाही आणि आणखी दोन हवीत! पुस्तकवेडं माणूस पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

मग लेओन्तिओस पिलातोस आला. हाही कालाब्रियाचाच, पण स्वतःला ग्रीसमधल्या थेसलीचा म्हणवून घेणारा. दाढी अस्ताव्यस्त, स्वभाव तिरसट. पेट्रार्कचा मित्र बोकाचिओ याने १३६० मध्ये त्याला फ्लॉरेन्सला नेलं, स्वतःच्या घरी ठेवलं, त्याचे सगळे नखरे सोसले आणि होमरचं लॅटिन करून घेतलं. शब्दाला शब्द असं भाषांतर होतं ते. त्याने कवितेचं मातेरं होईल ही भीती पेट्रार्कला होतीच. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमने तसा इशारा देऊन ठेवला होता. पण उपाशी माणूस भाकरी करपली म्हणून ताट सारत नाही. ओडिसियस पाताळात उतरतो तो भाग तरी आधी उतरवून पाठव, असा तगादा त्याने बोकाचिओकडे लावला होता.

इथे मला पेट्रार्क थोडा कमी आवडतो. ज्याच्यामुळे होमर त्याला कळणार होता, त्या पिलातोसला त्याने कधी आपला मानलं नाही. पिलातोस रुसून कॉन्स्टँटिनोपलला गेला, तिथे पस्तावला, परत बोलवा म्हणून पत्रं पाठवू लागला. पेट्रार्क गप्प राहिला. शेवटी तो न बोलावताच निघाला. वादळात जहाजाच्या डोलकाठीला धरून उभा असताना वीज पडून तो मेला. बातमी ऐकून पेट्रार्क हळहळला, नाही असं नाही. पण त्याच पत्रात तो विचारतो, की त्याच्या सामानात सोफोक्लिस किंवा युरिपिडीसचं एखादं पुस्तक निघेल का! ग्रीक पुस्तकावर जीव, आणि ग्रीक शिकवू शकणारा माणूस दारात नको. बोकाचिओने मात्र कुरकुर न करता त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं. दोघांत मोठा वाचक कोण, हे मी ठरवू शकत नाही.

लॅटिन होमर पेट्रार्कच्या हाती पडला तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. त्याने नक्कल करवून घेतली आणि समासात बारीक अक्षरात नोंदी करत बसला. ‘इलियड’वर नोंदींची गर्दी आहे, ‘ओडिसी’वर त्या विरळ होत जातात. १९ जुलै १३७४ ला, सत्तरी पूर्ण व्हायला एक दिवस असताना, आर्क्वा गावी तो गेला. पुस्तकावर डोकं टेकलेलं सापडला असं सांगतात. मृत्युपत्रात बोकाचिओसाठी पन्नास सोन्याचे फ्लोरिन ठेवले होते, हिवाळ्यात रात्री वाचत बसताना अंगावर घ्यायला उबदार झगा शिवावा म्हणून.

समासात नोंदी असलेला तो लॅटिन होमर आज पॅरिसला आहे. मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात त्याचं आयुष्यभराच्या टिपणांनी भरलेलं व्हर्जिल आहे; लॉरा गेल्याची नोंद त्याने त्यातच केली होती. आणि सिगेरोसने पाठवलेलं ग्रीक ‘इलियड’ म्हणून अभ्यासक ज्याच्याकडे बोट दाखवतात, तेही हस्तलिखित याच ग्रंथालयात आहे.