ड्रेस्डेनच्या नाट्यगृहाचे शिल्पकार गॉटफ्रीड सेम्पर

नाटक-संगीतावर जीव असलेल्या आपल्या सभासदांना आज आम्ही एका जर्मन वास्तुविशारदाची ओळख करून देत आहोत.

गॉटफ्रीड सेम्पर यांचा जन्म १८०३ साली हांबुर्गला झाला. १८३४ मध्ये ते ड्रेस्डेनला वास्तुकलेचे प्राध्यापक झाले. तेथील राजनाट्यगृह त्यांनी बांधले आणि ते १८४१ मध्ये खुले झाले. प्रेक्षागृहाची गोलाई बाहेरच्या भिंतीतही दिसावी, अशी त्याची रचना होती. रिचर्ड वाग्नर यांचे ‘टानहॉयझर’ हे संगीतनाट्य १८४५ मध्ये प्रथम येथेच रंगले.

मे १८४९ मध्ये शहरात राजसत्तेविरुद्ध उठाव झाला. राजाची कामे करणारे सेम्पर बंडखोरांच्या बाजूने उभे राहिले आणि रस्त्यांवर मोर्चेबंदी उभारू लागले. उठाव मोडला गेला, त्यांच्या अटकेचे फर्मान निघाले. मग पॅरिस, लंडन आणि १८५५ पासून झुरिच असा परागंदा प्रवास झाला. झुरिचच्या पॉलिटेक्निकची भव्य इमारत याच काळातली.

२१ सप्टेंबर १८६९ रोजी ड्रेस्डेनचे नाट्यगृह जळून खाक झाले. नवे नाट्यगृह सेम्पर यांनीच बांधावे, असा आग्रह नागरिकांनी धरला. आराखडे त्यांनी केले. प्रत्यक्ष बांधकामावर मुलगा मान्फ्रेड यांनी देखरेख केली. १८७८ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पुढच्याच वर्षी रोममध्ये सेम्पर यांचे निधन झाले.

१९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हेही नाट्यगृह पडले आणि १९८५ मध्ये जुन्याच रूपात पुन्हा उभे राहिले. एकेकाळी राजनाट्यगृह असलेली ही वास्तू आज ‘सेम्पर ऑपेरा’ म्हणून ओळखली जाते. ज्यांना शहर सोडून पळावे लागले, त्यांचेच नाव लोकांनी तिला कायमचे दिले.