पंडिता रमाबाई आणि स्त्रियांच्या हातचा कारभार

न्हावऱ्याकडून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरले म्हणजे केडगाव फारसे दूर राहत नाही. तेथील मुक्ती मिशनचे नाव आपल्या मंडळ्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. स्त्रियांनी पुढारपण करावे की नाही, हा प्रश्न खेड्यांतील पंचांच्या बैठकीत वारंवार निघतो. त्याच्या उत्तरासाठी परदेशचे दाखले शोधीत बसण्याचे कारण नाही. हा प्रश्न ज्या बाईने जन्मभर आपल्या अंगावर घेतला ती आपल्या शेजारीच राहून गेली. तिची वाट कोणी कोणी अडविली हे पाहिले म्हणजे वाचकांस थोडे आश्चर्य वाटेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास शिकले होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या स्त्रीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून आपल्या घरच्या स्त्रीसही ही विद्या द्यावी असे शास्त्रीबुवांच्या मनाने घेतले. विरोध झाला तेव्हा पंडितांच्या सभेपुढे जाऊन त्यांनी आपल्या मताचे समर्थन केले, पण मत सोडले नाही. पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या, आणि पुढे त्यांनीच आपल्या धाकट्या मुलीस शिकविले. घरकामापायी दिवसा सवड मिळत नसे, म्हणून उजाडण्यापूर्वी त्या मुलीस जागे करून पाठ देत. रमाबाईंच्या विद्येचा पाया असा आईच्या हातून घातला गेला. लोक बहुधा वडिलांचेच नाव घेतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे. पुढे दुष्काळ पडला, जवळचे सर्व संपले आणि अन्नावाचून हाल झाले. १८७४ साली प्रथम वडील व मागोमाग आई निवर्तली. आईचे प्रेत उचलावयास चार माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. उंची कमी असल्यामुळे खांदा पुरेना, तेव्हा तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेऊन स्मशान गाठले. मुलीने तिरडीस हात लावू नये असे सांगावयास त्या वेळी कोणी पुढे आला नाही.

त्यानंतर बहीणही गेली. उरलेली भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरी एक तान्ही मुलगी.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच साली हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. शिकलेल्या पुरुषांपैकीही बहुतेक स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, हे त्यांनी तेथे उघड सांगितले. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री तपासनीस नेमावे आणि स्त्रियांस वैद्यकी शिकवावी, अशी त्यांची मागणी होती.

स्वतः वैद्यकी शिकावी ह्या हेतूने १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येई, त्यामुळे तो बेत राहिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरास वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. येथपर्यंतची हकीकत आपल्यात पुष्कळदा सांगितली जाते, पुढची मात्र सांगितली जात नाही. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात रमाबाई संस्कृत शिकवीत होत्या. तेथील मुख्य डॉरोथिया बील बाईंची अशी इच्छा होती की त्यांनी हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण पुरुषांसही शिकवावे. हे कळताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांस शिकविले तर मायदेशी तिचे वजन जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर रमाबाईंनी कळविले की, माझ्या आईने किंवा मी पुरुषांस शिकविण्यास माझ्या वडिलांनी व पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि इंग्रज लोकांनी ती घ्यावी ह्याचा अचंबा वाटतो. आपला विवेक आपण कोणा मनुष्याच्या हाती देणार नाही, हेही त्यांनी आपल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींस नम्रपणे परंतु ठामपणे सांगितले. ह्या हट्टीपणाबद्दल त्यांस दोष मिळाला. आमच्या मते तो हट्ट नव्हता. ज्या मंडळीत त्या नुकत्याच आल्या होत्या तिच्यातही पुरुषांच्या चालीरीतीलाच देवाची आज्ञा म्हणण्याची सवय आहे, हे त्यांनी लवकर ओळखले, इतकेच.

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. १८८७ साली बोस्टनास त्यांच्या नावाची सभा निघून दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला.

१८९० साली सदन पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, म्हणून काही ख्रिस्ती लोक कुरकुरत. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि मुली आत येऊन बसत, म्हणून हिंदू पुढारी रागावत. दार लावून घ्या, असे त्यांस सुचविण्यात आले. आपल्या खोलीचे दार आपण लावणार नाही आणि कोणा मुलीस आत बोलावणारही नाही, ही त्यांची भूमिका होती. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले आणि बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. ह्या थोर पुरुषांनी स्त्रीशिक्षणासाठी केलेले श्रम खोटे नव्हेत, आणि पालकांची भीतीही निराधार नव्हती, कारण पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याच. परंतु संस्था कोणी चालवावयाची, हा प्रश्नही त्या भांडणात होता. रमाबाईंनी किल्ल्या सोडल्या नाहीत.

केडगावी रेल्वे स्टेशनाजवळ त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा मिळून सुमारे तीनशे जणींस घेऊन आल्या. आपल्या तरुणपणची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. त्याच सुमारास पुण्यास प्लेग आल्याने शहरात इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले, आणि केडगावी मुक्ती उभी राहिली. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

इतक्या जणींचे जेवण, पाणी, दुखणे, शाळा हे सर्व चालवावयाचे होते. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, तेलाचा घाणा घातला, छापखाना आणला. आंधळ्या स्त्रियांसाठी व फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी निराळी घरे झाली. मदतीस काही पुरुष व परदेशी भगिनी होत्या, तरी एकेका गटावर आणि खात्यावर मुक्तीतीलच स्त्री नेमली जाई. काल जिला पोटभर अन्न नव्हते ती काही वर्षांनी वीस मुलींची जबाबदारी सांभाळी. १९०५ साली रमाबाईंनी विचारले तेव्हा सुमारे तीस जणी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास तयार झाल्या. आज बायबल स्त्रीला गावात पाठवावयास कोणी कचरत नाही. मात्र तिला पैशाच्या हिशेबास बसवावयास कचरतात. मुक्तीत तसे नव्हते.

एक उणेही सांगितले पाहिजे. सारा भार रमाबाईंवरच राहिला आणि शेवटचा शब्द त्यांचाच असे. पुढचा कारभार मनोरमा पाहील अशी त्यांची मनीषा होती. पण ती २४ जुलै १९२१ रोजी वारली आणि म्हातारपणी रमाबाईंस वारसाची काळजी नव्याने करावी लागली.

ह्या वर्षांत एक काम सतत चालू होते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस वाचून समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणावे म्हणून त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि सुमारे पंधरा वर्षे भाषांतर करीत राहिल्या. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत व पाने छापीत. काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगावीच निवर्तल्या. १९२४ साली ते पवित्र शास्त्र छापून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्यांत कित्येक जणी अशा होत्या की केडगावी आल्या तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती.