रमाबाई रानडे आणि बायकांच्या हातचे काम

आपल्या मंडळात दुपारी काचेच्या मण्यांचे काम चालते, हे सर्व भगिनींना ठाऊकच आहे. दाराचे तोरण, रुखवतातली कमळे, देवघराचा पडदा असे नाना प्रकार आपण करतो. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलो असता या वर्गाबद्दल बोलणे निघाले. बाजारात सर्व काही तयार मिळते, मग डोळे ताणून मणी ओवीत कशाला बसायचे, असे काही जणींचे म्हणणे पडले. आपल्या हातच्या वस्तूचे ओळखीच्या बायकांकडून पैसे घेणे बरे दिसत नाही, असेही एक-दोघी म्हणाल्या. मी त्या वेळी गप्प राहिले. चारचौघींत मला पटकन बोलणे सुचत नाही. पण घरी आल्यावर रमाबाई रानडे यांची फार आठवण झाली. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्याविषयी माझ्या समजुतीप्रमाणे लिहीत आहे.

आधी मण्याविषयी थोडे सांगते. आपल्या लातूरहून जवळ असलेल्या तेर गावी सातवाहनांच्या काळच्या वस्तू जमिनीतून निघाल्या. त्यांत काचेचे मणीही आहेत. तेथील संग्रहालयात त्या जुन्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. पूर्वी काच वितळवून तिची पोकळ नळी ओढीत, नळीचे बारीक तुकडे करीत आणि पुन्हा आच देऊन त्यांच्या कडा गोल करीत. एवढ्या खटपटीची वस्तू लोक दोन हजार वर्षांपूर्वी मोल देऊन घेत होते. मग आपल्याच हातच्या कामाला मोल नाही, असे आपण का समजावे?

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे त्यांचे नाव यमुना. मुलींना शिकवण्याची त्या घरी रीत नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत असे सांगणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी लग्न केले, म्हणून लोकांनी त्यांना खूप नावे ठेवली. ती नावे ठेवणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. पण त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती त्यांनी लगेच पाटी दिली, हेही तितकेच खरे आहे.

रमाबाईंना लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती. दिवसभर घरकाम आणि रात्री पतीजवळ धडे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. शिकायचेच असेल तर कोणाला न दिसेल असे शिकावे, मोठ्याने वाचू नये, असे त्यांना बजावण्यात आले. टोमणे तर रोजचेच होते. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पाटीही खाली ठेवली नाही. सासरची मर्यादा राखून शिकणे किती कठीण, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना सांगायला नको.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंनी पहिल्यांदा लोकांसमोर भाषण केले. ते भाषण पतींनी लिहून दिले होते. पुढे १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच्या सभांना आपल्या रमाबाई जाऊ लागल्या. त्या इंग्रजीही शिकल्या. १८८४ साली मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून पुण्यात सभा झाली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांसमोर इंग्रजीतले निवेदन रमाबाईंनीच वाचले. हुजूरपागेची शाळा त्याच साली सुरू झाली. बाहेर टाळ्या मिळाल्या तरी घरी मात्र बोलणीच खावी लागली. पुढे रानड्यांच्या कामानिमित्त कलकत्त्यास राहणे झाले, तेव्हा त्या बंगालीही शिकल्या.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब या नावाने बायकांची संस्था चालवली. आपल्या मंडळाची ही जणू पणजीच म्हणायची. तेथे भाषा आणि सामान्य ज्ञान शिकवीत, आणि त्याबरोबर शिवण व हस्तकामही शिकवीत. मोठ्या न्यायाधीशांच्या पत्नीला सुईदोऱ्याचे काम हलके वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. ज्यांनी अक्षर शिकवले तेच गेले. त्या पुण्याच्या घरी परत आल्या आणि वर्षभर कोठेही बाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या विधवेला घराचा कोपरा हेच स्थान होते. रमाबाईंना निदान अन्नवस्त्राची ददात नव्हती. पण जिला आधार नाही आणि हाताला काम नाही, अशा बाईने काय करावे? हा प्रश्न घेऊनच त्या कोपऱ्यातून उठल्या असे मला वाटते.

त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. ससून इस्पितळातील रोग्यांची विचारपूस करू लागल्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली मुंबईस सेवासदन निघाले आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे या कामातील मोठे साथी. आरंभी हे वर्ग रमाबाईंच्या राहत्या घरीच भरत.

सेवासदनाची रीत मला फार आवडते. ज्या बाईला अक्षर येत नाही तिला अक्षर, जिला थोडे येते तिला पुढचा अभ्यास आणि जिला पोटाचा प्रश्न आहे तिला हाताचे काम. शिवण, भरतकाम, विणकाम शिकवायचे, बायकांना शिक्षिका म्हणून तयार करायचे, परिचारिकेचे शिक्षण द्यायचे. परक्या माणसाचे मलमूत्र काढणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवणे, हे त्या वेळी चांगल्या घरच्या बायकांना अशक्य वाटे. रमाबाईंनी त्यांची समजूत घालून त्यांना इस्पितळात पाठवले. १९२४ साली रमाबाई वारल्या तोवर पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकून गेल्या होत्या. सोलापुरासही सेवासदन निघाले.

१९१० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. स्वतःचे चरित्र लिहितानाही त्यांनी नाव ठेवले ते ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. शेवटच्या वर्षांतही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुलांप्रमाणे मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून पुण्यात बायकांची मिरवणूक निघाली, तिच्या पुढे त्या होत्या. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पुढे २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकींनी ती भांडी तशीच ठेवून पाहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी सातवी पास होऊन आठवीत गेले आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. त्या भूकंपात औसा तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा पडली आणि माझे शिक्षण तेथेच थांबले. त्याच पहाटे माझे मामा गेले. मामीच्या पदरी दोन मुले. तिला वाकळ शिवण्याखेरीज दुसरे काही येत नव्हते. टाके मात्र असे सारखे, की उलटी-सुलटी बाजू ओळखू नये. ती लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून देऊ लागली. पण पैसे मागायची तिला लाज वाटे. कोणी पायलीभर ज्वारी द्यावी, कोणी नुसताच चहा पाजून पाठवावे. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या आजीने वाकळेचा दर ठरवून दिला आणि त्याखाली सुई धरायची नाही अशी ताकीद दिली. त्या दरावर मामीने दोन्ही मुले दहावीपर्यंत शिकवली. त्या आजीला रमाबाईंचे नावही माहीत नव्हते, पण काम तिने रमाबाईंचेच केले.

मागच्या दिवाळीत मी एक तोरण केले. मधोमध पोपटाची जोडी होती. एक मणी चुकला आणि दुसऱ्या पोपटाची चोच वाकडी झाली, म्हणून चार ओळी उसवून पुन्हा ओवल्या. मणी आणि दोरा मिळून दोनशे दहा रुपये लागले आणि नऊ दुपारी गेल्या. ते तोरण मी ओळखीत तीनशेला दिले. म्हणजे एका दुपारीचे दहाच रुपये पडले. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. हे लिहिताना प्रथम मांडला आणि माझी मलाच लाज वाटली.

म्हणून माझी मंडळापुढे नम्र सूचना आहे. वर्ग बंद करू नये. ज्यांना आवडीने करायचे त्यांनी आवडीने करावे. मणी ओवताना मनाची तळमळ शांत होते, हेही थोडके नाही. लेकीच्या रुखवतात जाणाऱ्या कमळाचा हिशेब कोणी मागत नाही. पण जी वस्तू विकायची, तिच्यासाठी एक वही ठेवावी. मणी कितीचे, दुपारी किती आणि दर किती, हे तिच्यात लिहावे. दर मंडळाने ठरवावा, म्हणजे मागणारीला संकोच नाही आणि देणारीला घासाघीस नाही. ती वही लिहायला मी तयार आहे. माझे अक्षर फारसे चांगले नाही, पण हिशेब चुकणार नाही.

पुढच्या बैठकीला मी वही घेऊन येईन. भगिनींनी आपापल्या तोरणांचे मोल मनाशी धरून यावे, ही विनंती.