सहा ठिपक्यांचा धडा

मागच्या सत्रात प्रोजेक्टसाठी मी वेबसाईट केली. दिसायला एकदम झकास! सोमेश्वरनगरच्या होस्टेलवर रूममेटचे काका आले होते. ते दृष्टिहीन, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात. माझ्या साईटवर तो नुसता 'बटण, बटण' म्हणत बसला. बटणांच्या चित्रांना मी नावंच दिली नव्हती. जाम ओशाळलो. त्या रात्री लुई ब्रेलचं चरित्र वाचलं.

४ जानेवारी १८०९ ला फ्रान्समधल्या कुव्रे गावी, खोगीर बनवणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातली आरी डोळ्यात घुसली. संसर्ग पसरून दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथल्या पुस्तकांत डोळसांचीच अक्षरं उठावदार छापलेली. चाचपडत वाचायला फार वेळ लागे. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लिपी आली, पण ती बोटाखाली मावेना. लुईने ठिपके सहावर आणले, तेही पंधराव्या वर्षी! १८२९ मध्ये पद्धत छापली. पुढे त्याच शाळेत तो शिकवू लागला. १८५२ मध्ये क्षयाने गेला. लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये.

आज मराठीही याच सहा ठिपक्यांत वाचतात. २००९ मध्ये भारताने त्याच्या स्मरणार्थ दोन रुपयांचं नाणं काढलं.

डोळसांनी आपल्या सोयीची अक्षरं छापली, मीही तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चित्राला नाव दिलं, माऊसशिवाय सगळं चालतं का ते तपासलं. एका संध्याकाळचं काम! आता काका स्वतः फॉर्म भरतात. तुमची साईट एकदा डोळे मिटून वापरून बघाल?